रेनमीटरच्या स्किनमध्ये मराठी मजकूर आणि मराठी तारीख: फाइल नेमकी कशी लिहावी?

वाचनकट्टा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात वाचकांसाठी विंडोज १० चे काही संगणक ठेवलेले आहेत. त्यांच्या डेस्कटॉपच्या उजव्या कडेला सतत दिसेल असे एक साधे विजेट बसवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वर वाचनालयाचे नाव, त्याखाली वार आणि तारीख मराठीत, मग देवघेवीच्या वेळा आणि सर्वांत खाली त्या दिवसाची सूचना, एवढेच त्यात हवे आहे. यासाठी मी रेनमीटर निवडले, कारण ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, शिवाय त्यातील विजेट, म्हणजे त्यांच्या भाषेत स्किन, साध्या मजकुराच्या आयएनआय फाइलमध्ये लिहिता येते. चौकटी कंसात विभागाचे नाव, त्याखाली एकेका ओळीत पर्याय आणि त्याची किंमत, ही रचना प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या माणसालाही समजते.

इंग्रजी मजकूर ठेवला की सर्व काही व्यवस्थित चालते. मराठी मजकूर घातला की मात्र दोन संगणकांवर दोन वेगवेगळे प्रकार दिसतात. एकावर वाचनालयाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरे आणि चलनचिन्हे यांची लांबलचक निरर्थक मालिका उमटते, तर दुसऱ्यावर नुसती प्रश्नचिन्हे येतात. फॉन्टचा दोष असावा असे समजून मी फॉन्टफेस या पर्यायात आधी मंगल आणि मग निर्मला यूआय लिहून पाहिले, परंतु काहीच फरक पडला नाही.

दुसरी अडचण तारखेची आहे. टाइम मेझरमधून, म्हणजे वेळ पुरवणाऱ्या घटकातून, येणारा वार, महिना आणि अंक इंग्रजीतच येतात. तिसरी अडचण अशी, की सूचना रोज बदलते आणि ती आमच्या ग्रंथपाल बाई लिहितात. त्यांना स्किनच्या फाइलला हात न लावता ती बदलता यायला हवी.

वाचनालयातील दोन जुन्या संगणकांवर एक्सएफसीई हे हलके डेस्कटॉप असलेले लिनक्स आहे. तेथे अशीच सोय करता येईल का, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

अक्षरजुळणी (प्रतिसाद)

प्रथम एक खुलासा. खाली मी पर्यायांची नावे देवनागरीत लिहीत आहे, पण फाइलमध्ये ती रेनमीटरच्या कागदपत्रांत दिल्याप्रमाणे रोमन लिपीतच टंकावी लागतील. मराठी फक्त किमतीच्या जागी येईल.

आपण दोन संगणकांवरील दोन प्रकार वेगवेगळे नोंदवलेत हे फार चांगले केले, कारण निदान त्यातच आहे. दोन्ही ठिकाणी फॉन्टचा काही संबंध नाही. फॉन्टमध्ये देवनागरी नसेल आणि पर्यायी फॉन्टही सापडला नाही, तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. निरर्थक रोमन अक्षरे आणि प्रश्नचिन्हे हे दोन्ही एन्कोडिंगचे, म्हणजे अक्षरे फाइलमध्ये बाइटांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीचे, प्रश्न आहेत, पण त्यांतला पहिला दुरुस्त होणारा आहे आणि दुसरा नाही.

पहिल्या संगणकावरील फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सर्व लिप्या सामावणाऱ्या युनिकोडच्या एका एन्कोडिंगमध्ये, सेव्ह झालेली असणार. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल आपोआप यूटीएफ-८ मध्येच ठेवते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, मग ते व्यंजन असो वा काना-मात्रा. रेनमीटर मात्र त्या फाइलला जुन्या एएनएसआय पद्धतीची समजून प्रत्येक बाइटचे एक स्वतंत्र अक्षर करते. ‘वाचनालय’ या शब्दात काने वेगळे मोजले तर सात चिन्हे आहेत, म्हणून पडद्यावर २१ चिन्हे उमटतात. आपल्या पडद्याकडे नीट पाहा. दर तिसरे चिन्ह तेच ते, वर तिरकी रेघ असलेले रोमन ए असेल, कारण देवनागरी विभागातील प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच, म्हणजे २२४, असतो. त्याच्या पाठोपाठ चलनाचे सर्वसाधारण चिन्ह किंवा येनचे चिन्ह येते. व्यंजने, काना आणि पहिली वेलांटी यांना चलनाचे, तर दुसऱ्या वेलांटीपासून पुढच्या मात्रांना, हलन्ताला आणि मराठी अंकांना येनचे. हा नमुना ओळखता आला की फाइलमधला मजकूर शाबूत आहे याची खात्री बाळगावी. तो फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जात आहे.

दुसऱ्या संगणकावरील फाइल एएनएसआयमध्ये सेव्ह झाली आहे. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नसल्यामुळे सेव्ह करतानाच प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले गेले, आणि आता त्या फाइलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हे आहेत. तेथे मजकूर पुन्हा टंकावा किंवा दुसरीकडून आणावा लागेल, दुसरा मार्ग नाही.

आता उपाय. स्किनची फाइल यूटीएफ-१६ एलई या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करावी. रेनमीटर आयएनआय फाइल वाचण्यासाठी विंडोजची मूळचीच जुनी फंक्शने वापरते, आणि ती फंक्शने फाइलच्या आरंभी यूटीएफ-१६ एलईची खूण, म्हणजे बीओएम, दिसली तरच फाइलला युनिकोड मानतात. यूटीएफ-८ ची त्यांना ओळखच नाही. नोटपॅडमध्ये ‘सेव्ह ॲज’ उघडून सेव्हच्या बटणाशेजारील यादीतून यूटीएफ-१६ एलई निवडावे. १९०३ पूर्वीच्या नोटपॅडमध्ये याच गोष्टीला नुसते ‘युनिकोड’ असे म्हटलेले असते. नोटपॅड प्लस प्लस वापरत असाल तर एन्कोडिंगच्या मेनूत ‘कन्व्हर्ट’ने सुरू होणारा पर्याय घ्यावा. नुसते एन्कोडिंगचे नाव असलेला (जुन्या आवृत्त्यांत ‘एन्कोड’ने सुरू होणारा) नव्हे, कारण तो मजकूर बदलत नाही, आधीचेच बाइट वेगळ्या पद्धतीने वाचून दाखवतो. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीवरील एन्कोडिंगच्या नावावर टिचकी मारून ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ असा मार्ग आहे. यानंतर स्किनवर उजवी टिचकी देऊन रिफ्रेश करावे, म्हणजे नाव नीट दिसेल.

मध्यरात्रीचा_दिवा (प्रतिसाद)

वरील उत्तर बरोबर आहे, परंतु प्रत्येक फाइल अशी बदलत बसण्यापेक्षा विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये, प्रशासकीय भागात, जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरण्याचा जो बीटा पर्याय आहे तो एकदाच चालू केला तर काय हरकत आहे? किंवा सिस्टिम लोकेल, म्हणजे संगणकाची भाषा-प्रदेशाची निवडच, मराठी करावे.

अक्षरजुळणी (प्रतिसाद)

@मध्यरात्रीचा_दिवा, लोकेल मराठी करून हा प्रश्न सुटणार नाही. विंडोजमध्ये मराठी किंवा हिंदीसाठी जुन्या धर्तीचे एएनएसआय कोडपेज, म्हणजे बाइट आणि अक्षरे यांचा तक्ता, नाहीच. या भाषा तेथे सुरुवातीपासून केवळ युनिकोडच्या आधारे आल्या, त्यामुळे एएनएसआय म्हणून वाचलेल्या फाइलमधून कोणतेही लोकेल देवनागरी काढून देऊ शकत नाही. बीटा पर्यायाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: सार्वजनिक संगणकावर त्याला हात लावू नये. तो एका विजेटपुरता नसून सगळ्या संगणकाचे कोडपेज बदलतो, आणि वाचनालयात देवघेवीची जुनी सॉफ्टवेअर किंवा युनिकोडपूर्व फॉन्टवर चालणारे टंकलेखनाचे प्रोग्रॅम असण्याची दाट शक्यता असते. त्यांचा मजकूर बिघडू शकतो. शिवाय फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की तेथे प्रश्न पुन्हा उभा राहतोच. फाइल योग्य एन्कोडिंगमध्ये असेल तर ती जेथे जाईल तेथे नीट वाचली जाते.

पंधरवडा (प्रतिसाद)

तारखेविषयी लिहितो. मी घरच्या संगणकावर मराठी दिनांक गेली काही वर्षे अशाच रीतीने दाखवत आहे.

टाइम मेझरच्या फॉरमॅटमध्ये वाराचे पूर्ण नाव, तारीख, महिन्याचे पूर्ण नाव आणि वर्ष यांचे संकेत एकाच ओळीत लिहावेत. तारखेच्या संकेतात टक्क्याच्या चिन्हानंतर हॅशचे चिन्ह घातले की आरंभीचे शून्य गळते आणि ‘०५ जून’ऐवजी ‘५ जून’ असे आपल्या लिहिण्याच्या पद्धतीप्रमाणे येते. त्यानंतर त्याच मेझरमध्ये सबस्टिट्यूट हा पर्याय लिहावा. त्यात अवतरणचिन्हांत मूळ मजकूर, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग अवतरणचिन्हांत नवा मजकूर, अशा जोड्या स्वल्पविरामांनी जोडायच्या असतात. इंग्रजी वारांच्या सात, महिन्यांच्या बारा आणि अंकांच्या दहा, म्हणजे एकूण २९ जोड्या एकदा लिहिल्या की काम संपते.

येथे एक बारकावा आहे. जोड्या डावीकडून उजवीकडे एकामागून एक लागू होतात, आणि प्रत्येक जोडी आधीच्या जोडीने बदललेल्या मजकुरावर काम करते. वार-महिन्यांची इंग्रजी नावे वापरत असाल तर क्रमाने काही बिघडत नाही. पण कित्येक जण महिना आकड्यात मागवून ‘०१’ या रोमन आकड्यांच्या जागी ‘जानेवारी’ असे लिहितात. त्यांनी अंकांच्या जोड्या आधी ठेवल्या तर रोमन शून्य आणि एक हे दोन्ही आधीच देवनागरी होऊन बसतात, महिन्याच्या जोडीला जुळणारे काही उरत नाही, आणि पडद्यावर महिन्याच्या जागी ‘०१’ तसेच राहते. म्हणून मोठ्या जोड्या आधी आणि सुट्या अंकांच्या जोड्या सर्वांत शेवटी, हा क्रम पाळावा.

सबस्टिट्यूट फक्त मेझरची मजकूर-किंमत बदलतो, संख्या-किंमत तशीच राहते. त्यामुळे पुढे कधी याच मेझरवर तासांचा गोल काटा किंवा पट्टी काढायची झाली तरी मराठी अंकांमुळे अडचण येणार नाही. फक्त तारीखच दाखवायची असेल तर ती दर सेकंदाला नव्याने काढण्याचेही कारण नाही. मूळ अपडेट १००० मिलिसेकंदांवर ठेवून या मेझरला अपडेटडिव्हायडर ६० द्यावा, म्हणजे ती मिनिटातून एकदाच तपासली जाईल. जुन्या संगणकांवर एवढी काटकसर जरूर करावी.

तिथीची हौस अनेकांना असते म्हणून सांगतो, टाइम मेझरला तिथी काढता येत नाही. ती हवी असल्यास पंचांगातून पाहून सूचनेच्या मजकुरात लिहिणे हाच सरळ मार्ग आहे.

वाचनकट्टा (प्रश्नकर्ता)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. नाव आणि तारीख आता अगदी हवी तशी दिसत आहेत. तरीही दोन गोष्टी अडल्या आहेत. देवघेवीच्या वेळा मी वेगळ्या आयएनसी फाइलमध्ये चल (व्हेरिएबल) म्हणून ठेवल्या आहेत आणि मुख्य फाइलमध्ये ॲट-इन्क्लूडने जोडल्या आहेत. तेवढाच मजकूर अजून रोमन चिन्हांत येतो. दुसरे म्हणजे नावाच्या ओळीत ‘सार्वजनिक’मधला रफार आणि वेलांट्या वरून कापल्या जातात.

अक्षरजुळणी (प्रतिसाद)

जोडलेली प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे वाचली जाते आणि तिचे एन्कोडिंगही स्वतंत्रपणे ओळखले जाते. मुख्य फाइल यूटीएफ-१६ एलई केल्याने आयएनसी फाइल आपोआप तशी होत नाही. तिलाही तोच संस्कार करावा.

रफार कापला जाण्याचे कारण असे, की नावाचा मीटर, म्हणजे मजकूर पडद्यावर दाखवणारा घटक, स्किनच्या अगदी वरच्या काठाला लागून आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर बरेच काही येते आणि काही फॉन्ट ते आपल्या ठरवून दिलेल्या उंचीच्या बाहेर काढतात. स्किनच्या खिडकीबाहेर जाणारा भाग दिसत नाही. त्या मीटरला पॅडिंग द्यावे. त्यात डावीकडे, वर, उजवीकडे आणि खाली अशा क्रमाने चार संख्या लिहायच्या असतात, तेव्हा दुसऱ्या जागी सहा-आठ पिक्सेल ठेवले तरी पुरेसे होईल. खाली उकार आणि ऋकार असतात, म्हणून चौथी संख्याही शून्य ठेवू नये.

फॉन्टचा विषय निघालाच आहे तर सुचवतो, की निर्मला यूआयऐवजी टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट वापरून पाहावा. त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मूळ रूपे आहेत, त्यामुळे ‘वाचनालय’ आणि ‘शनिवार’ हे शब्द शाळेत गिरवलेल्या मराठी वळणाचे दिसतात. वाचनालयाच्या पाटीवर हे वळण असावे असे मला मनापासून वाटते. फॉन्ट संगणकावर बसवण्याची गरज नाही. स्किनच्या ॲट-रिसोर्सेस या फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचा उपफोल्डर करून त्यात फाइल ठेवली आणि फॉन्टफेसमध्ये फॉन्टचे नाव लिहिले की रेनमीटर तो स्वतःच उचलते. ज्या संगणकांवर आपल्याला प्रशासकाचा पासवर्ड मिळत नाही तेथे ही सोय फार उपयोगी पडते.

आता ग्रंथपाल बाईंची सूचना. ती एका साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवावी आणि स्किनमध्ये वेबपार्सर मेझरने वाचावी. वेबपार्सर नावाप्रमाणे संकेतस्थळे वाचण्यासाठी असले, तरी पत्त्याच्या आरंभी फाइल, मग दोन टिंबे आणि दोन तिरक्या रेघा लिहून संगणकावरील फाइलही वाचता येते. रेगएक्सप, म्हणजे मजकूर शोधण्याचा साचा, असा लिहावा की फाइलमधील सर्व मजकूर एकाच कंसात पकडला जाईल, आणि स्ट्रिंगइंडेक्स १ द्यावा. मात्र लक्षात ठेवा, ही फाइल यूटीएफ-१६ मध्ये नव्हे, तर साध्या यूटीएफ-८ मध्ये हवी, कारण वेबपार्सरचे नेहमीचे कोडपेज ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, हे आहे. बाईंच्या नोटपॅडची सवय तशीच राहू द्यावी, ती येथे बरोबरच ठरते. यूटीएफ-१६ चीच फाइल असेल तर कोडपेज १२०० लिहावे लागते.

वेबपार्सरचा अपडेटरेट न लिहिल्यास तो ६०० धरला जातो, म्हणजे सेकंदाला एक अपडेट या हिशेबाने बदललेली सूचना दहा मिनिटांपर्यंत दिसणार नाही. आपल्यासाठी ६० पुरे. सूचना कधी एका ओळीची तर कधी चार ओळींची असेल, म्हणून तिच्या मीटरला रुंदी ठरवून द्यावी, उंची देऊ नये आणि क्लिपस्ट्रिंग २ ठेवावे, म्हणजे मजकूर रुंदीत दुमडून खाली वाढत जातो. त्याच्या जोडीला सर्वांत वरच्या रेनमीटर विभागात डायनॅमिकविंडोसाइझ १ करावे. ते नसेल तर खिडकीची उंची स्किन उघडताना होती तेवढीच राहते आणि नंतर आलेल्या लांब सूचनेच्या खालच्या ओळी दिसत नाहीत.

काही अडले तर रेनमीटरची अबाउट खिडकी उघडून स्किन्सच्या पानावर प्रत्येक मेझरची त्या क्षणीची किंमत पाहावी. मजकूर तेथे बरोबर असेल तर दोष मीटरमध्ये शोधावा, तेथेच चुकलेला असेल तर फाइलमध्ये किंवा मेझरमध्ये. आणखी एक, टिप्पणीचा अर्धविराम ओळीच्या आरंभीच हवा. पर्यायाच्या ओळीत शेवटी लिहिलेली टिप्पणी किमतीचाच भाग समजली जाते.

मुक्तप्रणाली (प्रतिसाद)

लिनक्सच्या दोन संगणकांविषयी. डेस्कटॉपवरील विजेट म्हटले की सगळे कॉन्की हा प्रोग्रॅम सुचवतात, पण मराठीसाठी मी तो सुचवणार नाही. कॉन्की यूटीएफ-८ वाचतो, परंतु एक्सएफटी या अक्षरे रेखाटणाऱ्या घटकाच्या साहाय्याने एकेक चिन्ह ओळीने मांडतो. जोडाक्षरे जुळवणे आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे हे काम तेथे होत नाही. ‘दिनांक’मधली वेलांटी द नंतर लटकलेली वाचकांना दाखवणे मला तरी पटत नाही.

एक्सएफसीईमध्ये पॅनेलसाठी जेनमॉन नावाचे प्लगइन आहे. ते डेस्कटॉपवर नव्हे तर पॅनेलवर दिसते, पण त्याचा मजकूर जीटीके आणि पँगो या खिडक्या व मजकूर मांडणाऱ्या घटकांमार्फत मांडला जातो, म्हणून मराठी निर्दोष उमटते. ठराविक अंतराने ते आपली छोटी स्क्रिप्ट चालवते आणि स्क्रिप्टने छापलेला मजकूर दाखवते. तो मजकूर टॅगांमध्ये लिहायचा असतो: टीएक्सटी या टॅगमधील भाग पॅनेलवर येतो आणि टूल या टॅगमधील भाग माउस वर नेल्यावर दिसतो. मी तारीख पहिल्यात आणि पूर्ण सूचना दुसऱ्यात ठेवेन.

टीएक्सटीच्या आत पँगोचा स्पॅन टॅग चालतो. त्यात रंग, आकार आणि वजन यांच्याबरोबर लँग हा गुणधर्मही देता येतो, आणि त्याची किंमत मराठीचा दोन अक्षरी संकेत, म्हणजे रोमन एम-आर, ठेवली की नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श स्वतःहून देतो. तारखेसाठी स्क्रिप्टमध्ये डेट आज्ञेच्या आधी एलसी_टाइम मराठी करावे. त्यासाठी ते लोकेल संगणकावर तयार केलेले असावे लागते. अंक बदलण्यासाठी सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनाची वाय आज्ञा एका ओळीत दहाही अंक देवनागरी करते.

सूचनेत कोणी ‘आणि’ऐवजी अँपरसँडचे चिन्ह टंकले, तर ते टॅगांच्या भाषेत राखीव असल्यामुळे स्पॅनचा अर्थ लागत नाही आणि मजकूर उमटत नाही. म्हणून फाइल वाचल्यावर स्क्रिप्टनेच आधी अँपरसँड आणि मग टोकदार कंस यांच्या जागी त्यांचे ठरलेले संकेत घालावेत. अँपरसँड आधी, कारण कंसांच्या संकेतांतही तेच चिन्ह असते.

पंधरवडा (प्रतिसाद)

विंडोजच्या बाकी संगणकांवर स्किन नेण्यासाठी मॅनेज खिडकीतून आरएमस्किन पॅकेज तयार करावे. त्यात फाइली आहेत त्याच एन्कोडिंगमध्ये जातात, फॉन्टही बरोबर जातो, आणि दुसरीकडे दोन टिचक्यांत सगळे बसते. सूचनेची फाइल मात्र स्किनच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. पॅकेजची नवी आवृत्ती बसवताना जुना फोल्डर बाजूला नेऊन त्या जागी नवा ठेवला जातो, त्यामुळे बाईंनी सकाळी लिहिलेल्या सूचनेच्या जागी पॅकेजमधली जुनी सूचना दिसू लागेल. सर्व संगणकांना दिसणाऱ्या एखाद्या सामायिक फोल्डरला ड्राइव्हचे अक्षर देऊन ती तेथे ठेवली, तर बाईंना एकाच ठिकाणी लिहावे लागेल.